पंचांचे नियमपुस्तक : अॅप की पीडीएफ?

चेंडू उंच उडाला. तो खाली येईपर्यंत दोन्ही फलंदाज खेळपट्टीवर एकमेकांना ओलांडून गेले आणि मग क्षेत्ररक्षकाने झेल टिपला. षटकातला हा तिसरा चेंडू होता. चौथा चेंडू आता कोणी खेळायचा? नव्याने मैदानात आलेल्या फलंदाजाने, की आधीपासून खेळणाऱ्याने?

क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या मेरीलेबोन क्रिकेट क्लबच्या, म्हणजे एमसीसीच्या, २०१९ च्या आवृत्तीनुसार याचे उत्तर 'आधीपासून खेळणाऱ्याने' असे होते. झेल पूर्ण होण्यापूर्वी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडले असेल, तर टोके बदलली असे मानले जाई. १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने हे बदलले. आता ओलांडणे झाले असो वा नसो, षटक संपलेले नसेल तर नवा फलंदाजच पुढचा चेंडू खेळतो. ज्या पंचाच्या मोबाइलमध्ये २०१९ ची पीडीएफ जपून ठेवलेली आहे, तो अगदी प्रामाणिकपणे आणि छापील शब्दाच्या आधाराने चुकीच्या फलंदाजाला स्ट्राइक देईल. अखेरच्या षटकात आठ-दहा धावा हव्या असताना हा फरक सामन्याचा निकाल फिरवू शकतो.

नियमपुस्तक कागदावरून मोबाइलच्या पडद्यावर आले, त्याला आता बरीच वर्षे झाली. पडद्यावर ते दोन रूपांत भेटते. एक म्हणजे पीडीएफसारखा दस्तऐवज आणि दुसरे म्हणजे खास तयार केलेले अॅप. या दोहोंची तुलना बहुधा सोयीच्या अंगाने केली जाते. शोध कशात लवकर लागतो, अक्षर कशात मोठे दिसते, वगैरे. पंचाच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न निराळा आहे. समोर दिसणारा मजकूर कोणत्या आवृत्तीचा आहे आणि आजचा सामना कोणत्या आवृत्तीनुसार चालला आहे, हे ज्यातून नक्की कळेल ते साधन त्याच्या कामाचे.

१ जुलैचा पेच

फुटबॉलचे उदाहरण यासाठी बोलके आहे. १८८६ मध्ये स्थापन झालेले इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड, म्हणजे 'इफाब', या खेळाचे १७ नियम ठरवते. त्यांची नवी आवृत्ती दरवर्षी १ जुलै रोजी लागू होते. २०२५-२६ च्या आवृत्तीत गोलरक्षकाविषयीचा नियम बदलला. पूर्वी गोलरक्षकाने चेंडू सहा सेकंदांपेक्षा अधिक काळ हातात धरला, तर प्रतिस्पर्ध्यांना अप्रत्यक्ष फ्री किक मिळे. आता मर्यादा आठ सेकंदांची आहे, अखेरचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो आणि शिक्षा म्हणून कॉर्नर किक दिली जाते.

आता पेच असा की, १ जुलैपूर्वी सुरू झालेल्या स्पर्धेला नवे नियम आधीच स्वीकारण्याची मुभा असते, तसेच ते पुढल्या स्पर्धेपर्यंत लांबणीवर टाकण्याचीही असते. २०२५ च्या जून महिन्यात सुरू झालेल्या फिफा क्लब विश्वचषकात नवा नियम तारखेआधीच वापरला गेला. याउलट मे महिन्यात सुरू होऊन ऑगस्टपर्यंत रेंगाळणारी एखादी जिल्हा लीग जुन्याच नियमांवर पुरी करता येते. अशा लीगच्या पंचाच्या मोबाइलमधील अॅप रात्रीतून आपोआप अद्ययावत झाले, तर सकाळी त्याच्यासमोर जो मजकूर येईल तो बरोबर असेल, पण त्याच्या सामन्याचा नसेल. पीडीएफचा दोष नेमका उलटा. ती कधीच बदलत नाही, आणि म्हणून वर्षानुवर्षे शिळी होऊन पडते. मात्र तिच्या मुखपृष्ठावर वर्ष छापलेले असते. ते पाहण्याची सवय असली, की पीडीएफ फसवत नाही.

इफाबच्या पुस्तकाचा आणखी एक उपयोग जाणकार पंच करून घेतात. त्यात नियमांतील मुख्य बदल पिवळ्या रेषेने अधोरेखित करून समासात खूण केलेली असते, आणि बदलांचे कारण सांगणारे प्रकरणही स्वतंत्र असते. हंगाम सुरू होण्यापूर्वी संपूर्ण पुस्तक वाचायला सवड नसेल, तर निदान या खुणा तरी नजरेखालून घालाव्यात.

एका सामन्याला तीन पुस्तके

क्रिकेटमध्ये गुंता अधिक आहे. एमसीसीची ४२ नियमांची संहिता हा केवळ पाया. त्यावर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या किंवा त्या त्या मंडळाच्या 'प्लेइंग कंडिशन्स', म्हणजे खेळण्याच्या अटी असतात. कसोटी, एकदिवसीय आणि ट्वेंटी-२० यांसाठी त्या वेगवेगळ्या असतात. त्यावर पुन्हा स्थानिक स्पर्धेचे नियम येतात. मैदानाच्या मधोमध झाड असेल तर किती धावा द्यायच्या, हे लंडनहून कोणी ठरवून देत नाही.

सीमारेषेवरील झेलाबाबत हे थर कसे एकमेकांपासून सुटतात, ते अलीकडेच दिसले. ऑस्ट्रेलियातील बिग बॅश लीगमध्ये १ जानेवारी २०२३ रोजी मायकेल नेसरने चेंडू हवेत झेलला, उंच उडवला, स्वतः सीमेबाहेर गेला, तेथे उडी मारून अधांतरी असतानाच तो पुन्हा आत ढकलला आणि आत येऊन पकडला. तेव्हाच्या नियमानुसार हा झेल शुद्ध होता, पण त्यावर वाद झाला. पुढे ठरले की, सीमेबाहेर गेलेल्या क्षेत्ररक्षकाला हवेत असताना चेंडूला एकदाच स्पर्श करता येईल आणि त्यानंतर त्याला आतच उतरावे लागेल. आयसीसीने हा बदल जून २०२५ मध्ये आपल्या अटींत घेतला. एमसीसीच्या संहितेत तो लागू करण्यासाठी ऑक्टोबर २०२६ ही वेळ ठरवण्यात आली. याचा अर्थ, मधल्या काळात एकच झेल आंतरराष्ट्रीय सामन्यात षटकार आणि केवळ संहितेवर चालणाऱ्या क्लबच्या सामन्यात बाद! संहितेचे अॅप कितीही देखणे असले, तरी त्यात स्थानिक स्पर्धेच्या अटी असण्याची शक्यता नाही. त्या पीडीएफ स्वरूपातच येतात, आणि आपल्याकडे बहुधा सामन्याच्या आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर येतात. 'फायनल', 'फायनल नवे' आणि 'फायनल दुरुस्त' अशा तीन नावांनी आलेल्या फाइलींतून खरी कोणती हे शोधणे, हेही मग पंचाचेच काम होऊन बसते.

हरकत आल्यावर

निर्णयावर लेखी हरकत आली, की दस्तऐवजाचे महत्त्व एकदम वाढते. अॅथलेटिक्समध्ये निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांच्या आत हरकत नोंदवावी लागते. तिचा निवाडा करताना कलमाचा क्रमांक अचूक लागतो. येथे जुन्या पंचांची पंचाईत होते. शर्यतीच्या प्रारंभाचा नियम वर्षानुवर्षे 'नियम १६२' या नावाने तोंडपाठ झालेला होता. जागतिक संघटनेने २०१९ च्या अखेरीस नियमपुस्तकाची फेरमांडणी केली आणि तो तांत्रिक नियमांतील क्रमांक १६ झाला. क्रिकेटमध्येही नॉनस्ट्रायकर लवकर क्रीज सोडून धावल्यास त्याला धावचीत करण्याची तरतूद २०२२ मध्ये 'अनुचित खेळ' या ४१ व्या नियमातून काढून 'धावचीत' या ३८ व्या नियमात नेण्यात आली. कृती तीच, पण तिच्यावरचा अनुचिततेचा शिक्का गेला. जुन्या क्रमांकाने लिहिलेला पंचांचा अहवाल वरिष्ठ समितीपुढे लंगडा पडतो.

अशा वेळी पान क्रमांक, कलम आणि आवृत्ती दाखवता येणारी पीडीएफ वरचढ ठरते. १९९३ मध्ये अडोबी कंपनीने हे स्वरूप आणले ते पान सर्वत्र सारखेच दिसावे म्हणून, आणि २००८ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. पंचाच्या, कर्णधाराच्या आणि समितीच्या हातात तेच पान, त्याच ओळी. अॅपमध्ये पान नावाची गोष्टच नसते.

अॅप जिंकते ते कोठे?

गोल्फमध्ये. या खेळात बहुतेक वेळा पंच जवळ नसतो. खेळाडूच स्वतःचा पंच असतो. चेंडू पाण्याच्या कडेला, रस्त्यावर किंवा झुडपात पडला, की नियम तेथेच पाहावा लागतो. आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या संस्थांनी २०१९ मध्ये ३४ नियमांचे २४ केले, खेळाडूंसाठी सोपी आवृत्ती काढली, आणि २०२३ च्या आवृत्तीच्या वेळी छापील प्रतींपेक्षा मोबाइलवर भर दिला. खिशात मावणारे, शब्द टाकताच कलम दाखवणारे, आकृत्यांनी समजावणारे अॅप येथे शोभून दिसते.

नवशिक्या पंचाच्या अभ्यासासाठीही अॅपच उजवे. एका कलमातून दुसऱ्या कलमात बोटाच्या स्पर्शाने जाता येते आणि व्याख्या जागेवर उघडतात. ए-४ आकाराची पीडीएफ लोकलच्या गर्दीत, एका हाताने, मोठी-लहान करीत वाचणे ही शिक्षाच होय. एक दक्षता मात्र घ्यावी. अॅपच्या दुकानात नियमांच्या नावाने खासगी मंडळींनी काढलेली अॅपही असतात. त्यांत जाहिराती असतात आणि मजकूर कोणत्या वर्षीचा याचा पत्ता नसतो. प्रकाशक म्हणून संबंधित संघटनेचेच नाव आहे ना, हे डाउनलोड करण्यापूर्वी पाहावे.

मराठीची अडचण

इफाबची पुस्तके इंग्रजी, फ्रेंच, जर्मन व स्पॅनिशमध्ये निघतात, आणि अर्थाबाबत मतभेद झाल्यास इंग्रजी पाठ प्रमाण मानला जातो. मराठीची परंपरा आपल्या मातीतल्या खेळांची आहे. खो-खोची नियमावली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ मध्येच प्रसिद्ध केली होती. पण मराठी पुस्तिका पीडीएफ झाली म्हणून ती शोधता येतेच असे नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळणी झालेल्या मजकुरात अक्षरे डोळ्यांना देवनागरी दिसतात, संगणकाला मात्र ती रोमन चिन्हे वाटतात. 'बाद' हा शब्द शोधला, तर पानोपानी असूनही एकदाही सापडत नाही. पाने स्कॅन करून बनवलेली पीडीएफ म्हणजे तर निव्वळ छायाचित्रांची थप्पी. याची परीक्षा सोपी आहे. एक ओळ उचलून संदेशात चिकटवून पाहावी. मराठीच उमटली तर फाइल युनिकोडमध्ये आहे, अगम्य चिन्हे उमटली तर नाही. मराठीत नियम प्रसिद्ध करणाऱ्या संघटनांनी अॅपचा घाट घालण्यापूर्वी एवढी सुधारणा केली, तरी पंचांचे निम्मे काम हलके होईल.

प्रत्यक्ष मैदानात

खेळ सुरू असताना मात्र दोहोंचाही उपयोग मर्यादित आहे. फुटबॉलचा पाचवा नियम मैदानावरील पंचांना परवानगी असलेल्या संपर्क व इतर उपकरणांखेरीज इलेक्ट्रॉनिक वस्तू अंगावर बाळगू देत नाही. बुद्धिबळात खेळण्याच्या जागी कोणीही पंचाच्या अनुमतीविना मोबाइल वापरू शकत नाही. जो पंच खेळाडूच्या खिशातील मोबाइलवरून डाव हरल्याचा निर्णय देतो, त्यानेच पटाशेजारी मोबाइल चाळत बसणे बरे दिसत नाही. १९४८ पासून खेळल्या जाणाऱ्या आणि पावसाळ्याशी नाते जोडलेल्या कांगा लीगमध्ये उभे राहिलेल्या कोणालाही ओल्या बोटांना टचस्क्रीन कशी दाद देत नाही, हे वेगळे सांगायला नको. तेथे स्मरण आणि प्लास्टिकच्या वेष्टणातले, स्थानिक अटी लिहिलेले एक कार्डच कामी येते.

पुष्कळसा घोळ आयोजकांना एका वाक्यात मिटवता येतो. स्पर्धेच्या पत्रकात 'प्रचलित नियम लागू राहतील' असे मोघम लिहिण्याऐवजी संहितेचे नाव, आवृत्ती आणि वर्ष लिहावे, त्या आवृत्तीची पीडीएफ पत्रकासोबत जोडावी, आणि स्पर्धा चालू असताना नवी आवृत्ती आली तर काय, हेही तेथेच नमूद करावे. फाइलच्या नावात वर्ष घातले, तर तिचे नाव 'फायनल' ठेवण्याची गरजही उरत नाही.