आठवणींचा जमाखर्च

सोलापुरातील वयस्क मंडळी घटकाभर निवांत बसली, की बोलणे हमखास गिरणीवर येते. मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने १८७४ साली स्थापन झालेली आणि लोकांच्या तोंडी ‘जुनी मिल’ झालेली ती गिरणी, मागाहून निघालेल्या नरसिंगगिरजी, लक्ष्मी व विष्णू गिरण्या, आणि अवघ्या गावाला जागे करणारा तो भोंगा! पाळी सुटली की रस्ते भरत, पगार झाला की कापडाच्या पेढ्या गजबजत. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. तरीही भोंग्याची आठवण निघताच अनोळखी माणसेसुद्धा क्षणात आपली होतात. वय वाढते तसे सोबती कमी होत जातात. अशा वेळी आपण कोठले व कोणाचे, हे सांगणारी आठवण मोठा आधार देते.

या ओढीला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव योहानेस होफर यांनी १६८८ साली बाझल येथील आपल्या वैद्यकीय प्रबंधात दिले. परमुलखात घराच्या आठवणीने झुरणाऱ्यांची ती व्याधी, असे त्यांचे मत होते. आज तिला कोणी रोग मानीत नाही. परंतु पथ्य मात्र सांभाळावे लागते, कारण मन सोयीची बाजू तेवढी जपून ठेवते.

भोंगा ऐकणारे सर्वच सुखात नव्हते. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले, त्यांतील अनेक कुटुंबे सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवली होती. हजेरी देऊन त्यांतील कित्येक जण गिरणीत राबत. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. ‘सेटलमेंट’ हे नाव गावात राहिले, त्यामागचे दुःख मात्र गप्पांतून गळाले. ‘तो काळ सोन्याचा’ असे म्हणताना तो कोणासाठी सोन्याचा होता, हेही विचारावयास हवे.

दुसरा धोका वर्तमानाचा आहे. बंद धुराड्याकडे पाहून उसासे टाकणाऱ्यास शेजारचा माग दिसत नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या पिढ्यांनी हातमाग, पुढे यंत्रमाग चालविले. सोलापुरी चादरीस २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गिरणी गेली, तरी वस्त्रोद्योग संपला नाही.

जुन्याची ओढ कार्यास कशी लावावी, याचा वस्तुपाठ याच नगरीत आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ साली गजपंथा येथे विद्वानांना एकत्र बोलाविले. त्यातून जैन संस्कृती संरक्षक संघ उभा राहिला, आणि त्यासाठी त्यांनी तीस हजार रुपये दिले. १९४४ साली त्यांनी सुमारे दोन लाखांची आपली सर्व संपत्ती विश्वस्त निधी करून संघास अर्पण केली. प्राचीन ग्रंथांच्या वैभवाचे केवळ गुणगान करीत ते बसले नाहीत. डॉ. आ. ने. उपाध्ये व डॉ. हीरालाल जैन यांनी संपादिलेल्या ‘तिलोयपण्णत्ति’चा पहिला भाग १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि हस्तलिखितांतील ठेवा अभ्यासकांच्या हाती आला.

व्यापाऱ्याच्या खतावणीत जमा आणि नावे या दोन्ही बाजू असतात. एकच बाजू लिहिली तर ताळेबंद जुळत नाही. आठवणींचेही तसेच आहे. घरातील ज्येष्ठांच्या आठवणी ते सांगू शकतात तोवर लिहून घ्याव्यात, त्यांत उणीव व अन्याय यांचीही नोंद असावी. असा जमाखर्च पुढील पिढीस उपयोगी पडेल. नुसता उसासा पडणार नाही.