स्तरित अब्जांशनलिका पटले
परस्परविरुद्ध विद्युत् भार असलेल्या द्रव्यांचे एकाआड एक थर बसवून केलेली पातळ संमिश्रे. ही पद्धत कार्बन अब्जांशनलिकांहून जुनी आहे. अमेरिकेतील द्यू पाँ कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ आर. के. आयलर यांनी १९६६ मध्ये ऋणभारित सिलिका व धनभारित ॲल्युमिना यांच्या सूक्ष्मकणांचे असे थर काचेवर बसविले. प्रत्येक थर पृष्ठभागाचा भार उलटा करतो, म्हणून तो आपोआप थांबतो व पुढच्या थराला जागा देतो. इतक्या सोप्या युक्तीकडे सु. २५ वर्षे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९९१ च्या सुमारास जर्मनीत गेरो डेखर यांनी ती भारित बहुवारिकांसाठी रूढ केली.

कार्बन नलिका अतिशय बळकट. परंतु बहुवारिकात नुसत्या मिसळल्यास त्यांचे पुंजके होतात व संमिश्र तेथेच तडकते. २००२ मध्ये ओक्लाहोमा राज्य विद्यापीठातील निकोलस कोटॉव्ह व सहकाऱ्यांनी अम्लप्रक्रियेने ऋणभारित केलेल्या एकभित्तिक नलिका धनभारित पॉलिएथिलीन इमाइनाशी थराथराने जोडल्या. नंतर थरांमध्ये रासायनिक बंध निर्माण करून पटल आधारापासून सोडविण्यात आले. त्यात नलिकांचे प्रमाण सु. ५०% होते व ताणबल सरासरी २२० मेगॅपास्काल भरले. एकेका थरासाठी बुडवणे व धुणे लागत असल्याने पद्धत मात्र संथ आहे.