लिनक्सची घराणी

गतवर्षी आमच्या कार्यालयात नव्या संगणकांची एक तुकडी आली. यंत्र सुरू केल्यावर ओळखीचा पडदा दिसेना. त्याऐवजी 'उबुंटू' हे नाव उमटले. आमचे विभागाधिकारी मूळचे लखनौचे, जुन्या वळणाचे गृहस्थ. फाईलीतील प्रत्येक कागदावर पृष्ठांक पडल्याखेरीज ती पुढे सरकू न देणारे. त्यांनी मला बोलावून दोन प्रश्न विचारले. "यह उबुंटू है या लिनक्स?" हा पहिला, आणि "बिगड़ जाए तो चिट्ठी किसके नाम लिखेंगे?" हा दुसरा. पहिल्याला मी उभ्याउभ्याच "दोन्ही एकच" असे उत्तर दिले. दुसऱ्याचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा पहिलेही अर्धेच बरोबर होते असे ध्यानात आले. त्या शोधात जे हाती लागले ते, परमुलखात अशाच कार्यालयांतून बसलेल्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

या कथेचा प्रारंभ न्यायालयात होतो, हे ऐकून अनेकांस नवल वाटेल. अमेरिकेतील एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीस 1956 सालच्या एका तडजोडीच्या हुकूमनाम्यान्वये दळणवळणाबाहेरचा धंदा करण्यास मनाई झाली होती. तिच्या बेल प्रयोगशाळेत 1969 साली केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली रचण्यास आरंभ केला. परंतु तिचा बाजार मांडण्याची कंपनीस सोय नव्हती. म्हणून ती मूळ संहितेसह विद्यापीठांना नाममात्र मोबदल्यात मिळू लागली. विद्यार्थी ती वाचीत, दुरुस्त करीत, एकमेकांस देत. 1984 साली कंपनीचे विभाजन होऊन ती मनाई उठली आणि युनिक्सच्या अटी व किंमत दोन्ही कठोर झाल्या. सामायिक विहिरीस कुंपण पडावे तसे हे झाले.

याच सुमारास रिचर्ड स्टॉलमन या मॅसॅच्युसेट्समधील प्रोग्रामकाराने 27 सप्टेंबर 1983 रोजी घोषणा केली की, आपण युनिक्ससारखी, परंतु सर्वस्वी मुक्त अशी 'ग्नू' नावाची प्रणाली रचणार. पुढल्या जानेवारीत त्याने त्यासाठी नोकरी सोडली. त्याचे खरे कर्तृत्व मला प्रोग्रामांपेक्षा एका दस्तऐवजात दिसते. 1989 साली निघालेला 'जनरल पब्लिक लायसन्स' हा परवाना म्हणजे कारकुनाच्या नजरेने पाहता मसुद्याचा उत्कृष्ट नमुना होय. लेखकाचा स्वामित्वहक्क तो नाकारीत नाही. उलट त्याच हक्काच्या बळावर सांगतो की, ही संहिता वाचा, बदला, विकासुद्धा. मात्र ज्याच्या हाती ती द्याल त्याला मूळ संहिता आणि तेच सर्व अधिकार दिले पाहिजेत. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांनी शके 1506 मध्ये ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. ग्रंथाचे पावित्र्य राखण्याचा तो मार्ग होता. स्टॉलमनचा मार्ग नेमका उलटा: ओवी खुशाल घाला, पण पुढच्याचा घालण्याचा अधिकार हिरावू नका. (इंग्रजीत 'मुक्त' आणि 'फुकट' यांना एकच शब्द असल्याने तिकडे या विषयावर वर्षानुवर्षे वाद झाले. मराठीत ते दोन शब्द निराळे आहेत, एवढा त्रास तरी आपला वाचला.)

1991 पर्यंत ग्नूची बहुतेक अवजारे तयार झाली होती. उणीव होती ती गाभ्याची. गाभा, म्हणजे कर्नेल, हा यंत्राचा कारभारी होय. स्मृती कोणाला किती, तबकडी कोणाला केव्हा, कळफलकावरची कळ कोणासाठी, याचे वाटप तो करतो. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरव्हाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने 25 ऑगस्ट 1991 रोजी आपण छंद म्हणून असे काही करीत असल्याचे कळविले. सप्टेंबरात पहिली संहिता आली, ती सुमारे 10,000 ओळींची. प्रथम त्याच्या अटींत पैसे घेऊन वाटप करण्यास मनाई होती; 1992 साली त्याने ती काढून स्टॉलमनचाच परवाना स्वीकारला. ही मनाई राहिली असती तर पुढील इतिहास घडला नसता, असे माझे मत आहे.

कारण नुसत्या गाभ्याने कोणाचेही काम होत नाही. त्याला अवजारे जोडावी लागतात, ती एकमेकांशी जुळतात की नाही हे पहावे लागते, आणि ते सारे नवख्याच्या यंत्रावर बसेल असे बांधून द्यावे लागते. हे जो करतो त्याच्या कृतीस 'डिस्ट्रिब्युशन' म्हणतात. शब्दशः वितरण, पण मला 'घराणे' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. राग तोच, कोणी आलापी वाढवितो, कोणी तानेवर भर देतो, आणि शिष्यपरंपरा कोठून कोठे गेली ते कानाला कळते.

पहिल्या लोकप्रिय घराण्यांपैकी एक म्हणजे 1992 सालचे 'एसएलएस'. ते पुष्कळ वापरले गेले व त्यात दोषही पुष्कळ होते. त्या दोषांना कंटाळून दोन तरुणांनी दोन निराळ्या वाटा धरल्या. पॅट्रिक व्होल्करडिंगने तेच दुरुस्त करून जुलै 1993 मध्ये 'स्लॅकवेअर' काढले. पुढच्याच महिन्यात, 16 ऑगस्टला, इयन मरडॉक या विद्यार्थ्याने 'डेबियन'ची घोषणा केली; ते नाव त्याच्या व त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीच्या (डेब्रा) नावांची संधी होय. स्लॅकवेअर आजही मुख्यतः एका माणसाच्या हाती आहे आणि त्याची 15.0 ही आवृत्ती 2022 साली निघाली. तिसरी वाट 1994 साली मार्क युइंगने धरली. आजोबांनी दिलेल्या लाल टोपीवरून त्याने आपल्या कृतीस 'रेड हॅट' म्हटले आणि पुढे तिची मोठी कंपनी झाली.

डेबियन येथे थोडा अधिक वेळ मागते. ती कंपनी नाही. जगभरचे स्वयंसेवक ती चालवितात. 1997 साली त्यांनी वापरणाऱ्यांशी एक 'सामाजिक करार' लिहून काढला आणि 1998 साली स्वतःस घटना घालून घेतली. दरवर्षी मतदानाने प्रमुख निवडला जातो. त्याचे अधिकार घटनेत मोजून दिले आहेत. 2023 साली निघालेल्या बाराव्या आवृत्तीत 64,000 हून अधिक पॅकेजे होती. वाद तेथे होतात आणि ते वर्षभर चालतात. आपल्या कार्यालयांतील टिपणांची देवाणघेवाण ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती रीत अपरिचित वाटणार नाही. तरीही आवृत्ती निघते. दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थने ऑक्टोबर 2004 मध्ये याच डेबियनपासून उबुंटू घडविले व त्याच्या तबकड्या मागेल त्याला टपालाने विनामूल्य पाठविल्या. आपल्या सी-डॅकने 2007 साली काढलेली 'बॉस' हीही डेबियनच्याच वंशातली. म्हणजे आमच्या टेबलावरचा उबुंटू हा डेबियनचा शिष्य, आणि दोहोंचा गाभा लिनसचा. माझे "दोन्ही एकच" हे उत्तर अपुरे होते ते येथे.

आता दुसरा प्रश्न. पत्र कोणाच्या नावे? याचे सर्वांत बोलके उत्तर रेड हॅटच्या इतिहासात आहे. 2003 साली या कंपनीने विनामूल्य मिळणारे आपले सर्वसाधारण वितरण थांबविले. व्यवसायासाठी सशुल्क वितरण ठेवले आणि प्रयोगांसाठी 'फेडोरा' निराळे केले. सशुल्क वितरणाचीही संहिता परवान्यामुळे खुलीच होती; तेव्हा काही जणांनी तिच्यावरून कंपनीची चिन्हे काढून 'सेंटओएस' हे तंतोतंत तसेच वितरण 2004 पासून विनामूल्य दिले. विद्यापीठे, संशोधनसंस्था, लहानमोठ्या कचेऱ्या त्यावर विसंबल्या. 2014 साली हे काम रेड हॅटच्याच छत्राखाली आले. 2019 साली रेड हॅट आयबीएमने 34 अब्ज डॉलरला घेतली. मग डिसेंबर 2020 मध्ये जाहीर झाले की, सेंटओएसच्या आठव्या आवृत्तीचा सांभाळ, जो 2029 पर्यंत होईल असे सांगितले होते, तो 2021 अखेरीस संपेल. एक वर्षाची मुदत! ज्यांनी त्या आश्वासनावर यंत्रे उभारली होती त्यांचा संताप यथार्थ होता.

परंतु पुढे जे घडले ते बंद संहितेच्या जगात घडणे अशक्य होते. 2021 सालीच 'अल्मालिनक्स' आणि 'रॉकी लिनक्स' ही दोन वितरणे त्याच संहितेवरून उभी राहिली, आणि लोक यंत्रे न बदलता तिकडे गेले. आश्वासन मोडले, संहिता मोडली नाही. 2023 साली कंपनीने संहितेची सार्वजनिक वाट आणखी अरुंद केली, तेव्हा अल्माने तंतोतंत प्रतीचा आग्रह सोडून केवळ सुसंगतता पत्करली. हे घर निर्वेध आहे असे मी म्हणणार नाही. घराण्यांच्या या गर्दीत कष्टही दुप्पट-तिप्पट होतात: डेबियनसाठी बांधलेले पॅकेज फेडोरावर तसेच चालत नाही, आणि नवखा माणूस निवड करण्यातच थकतो. तथापि एकच दुकान असण्यापेक्षा हा त्रास मला परवडतो.

2015 साली केंद्र शासनाने मुक्त संहितेस प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, ते पुष्कळांच्या फाईलीत असेलच. मी मात्र उबुंटूमधील पॅकेजांची यादी चाळीत बसलो होतो. तीत देवनागरी अक्षरांचा एक संच सापडला, 'लोहित'. लोहित म्हणजे तांबडे; रेड हॅटने 2004 साली खुला केलेला हा संच. प्रतिस्पर्ध्याच्या घरची अक्षरे डेबियनच्या नातवंडाने निःसंकोच घेतली होती, आणि मी त्याच अक्षरांत घरी मराठी पत्र लिहीत होतो.

विभागाधिकाऱ्यांसाठी मी दीड पानांचे टिपण केले. 'पत्रव्यवहाराचा पत्ता' या रकान्यात एकच नाव घालता येईना. म्हणून तीन घातली: उबुंटूची कंपनी कॅनॉनिकल, त्याखाली डेबियन, त्याखाली गाभ्याचे कार्यकर्ते. त्यांनी ते दोनदा वाचले, तिन्ही नावांपुढे पेन्सिलीने अनुक्रमांक घातले आणि खाली 'पाहिले' असा शेरा मारून तारीख टाकली.