बाजरीतील नर वंध्यत्व आणि सूक्ष्मदर्शन पद्धती : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागातील बाजरी हे महत्त्वाचे खरीप पीक होय. राहुरी येथे १९६८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने बाजरीचे 'श्रद्धा' व 'सबुरी' हे संकरित वाण दिले. अशा वाणांचे बीजोत्पादन नर वंध्य मादी वाणावर अवलंबून असते. या वंध्यत्वाचा उलगडा करणाऱ्या सूक्ष्मदर्शन पद्धतींचा प्रस्तुत लेखात मागोवा घेतला आहे.

प्रकाश सूक्ष्मदर्शक :
बाजरीची फुले अतिशय लहान असल्याने हाताने पुंकेसर काढून मोठ्या प्रमाणावर संकर करणे अशक्यप्राय असते. अमेरिकेत ग्लेन बर्टन यांनी विकसित केलेल्या 'टिफ्ट २३ ए' या नर वंध्य वाणामुळे ही अडचण दूर झाली. त्याच्या आधारे १९६५ मध्ये लुधियाना येथून 'एचबी-१' हा संकरित वाण प्रसारित झाला. ॲसिटोकार्मिनने रंगविलेल्या काचपट्टीवर भरीव परागकण लाल दिसतात, तर पोकळ परागकण जवळजवळ रंगहीन राहतात. या पद्धतीने वंध्यत्व ओळखता येते. त्याचे कारण मात्र समजत नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक :
प्रकाश सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता सुमारे ०.२ मायक्रोमीटरपर्यंत मर्यादित असते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ही मर्यादा ओलांडली. १९७७ मध्ये वार्मके व ली यांनी मक्याच्या 'टेक्सास' नर वंध्य वाणाच्या परागकोशात टॅपेटम या पोषक स्तरातील तंतुकणिकांचा ऱ्हास दाखवून दिला. परागकणांना अन्न पुरविणारा स्तरच प्रथम निकामी होत होता. पुढे कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकामुळे ऊतीचे प्रत्यक्ष काप न घेता लेसर किरणांद्वारे तिच्या निरनिराळ्या खोलीवरील प्रतिमा मिळू लागल्या.

दोन पिके, दोन कारणे :
१९७० मध्ये अमेरिकेत 'टेक्सास' पेशीद्रव्य असलेला मका करपा रोगाला बळी पडला. रोगकारक बुरशीचे विष त्याच तंतुकणिकांवर आघात करीत होते. त्याच सुमारास भारतात 'टिफ्ट २३ ए'वर आधारित बाजरीच्या वाणांवर गोसावी (केवडा) रोगाची साथ आली. साहजिकच येथेही पेशीद्रव्यावर संशय घेतला गेला. परंतु पुढील तुलनात्मक चाचण्यांत बाजरीची रोगवशता पेशीद्रव्याशी निगडित नसल्याचे आढळले; ती मूळ वाणाच्या केंद्रकीय जनुकांशी संबंधित होती. त्यामुळे तेच पेशीद्रव्य रोगप्रतिकारक वाणांत वापरणे शक्य झाले.

निष्कर्ष :
काचपट्टीवर दोन्ही पिकांचे पोकळ परागकण सारखेच दिसतात. त्यामागील कारणे मात्र भिन्न असू शकतात. म्हणून काचपट्टी, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि शेतातील चाचणी या पद्धती परस्परांना पर्याय नसून पूरक आहेत. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील ॲसिटोकार्मिनची साधी काचपट्टी ही या अभ्यासाची पहिली पायरी होय. तिच्यावरून अंतिम निष्कर्ष काढणे मात्र योग्य ठरणार नाही.