जॅमचा डबा, खिळे आणि खडकीचे सॅपर

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की आपण मशीनगन, विषारी वायू आणि रणगाडे एवढ्यावर थांबतो. मला मात्र त्यात सगळ्यात जास्त बोलकी वाटते ती एक अगदी साधी वस्तू : जॅमचा रिकामा डबा. त्याची गोष्ट आज सांगतो, कारण तिचा एक धागा थेट आपल्या खडकीपर्यंत येतो. पोस्ट जरा लांब आहे, पण वाचा.

1914 च्या सप्टेंबरअखेरीपासून हिंदी सैन्य फ्रान्सला मार्सेय बंदरात उतरू लागलं. लाहोर आणि मेरठ अशा दोन पायदळ डिव्हिजन. जुन्या रायफली तिथे जमा केल्या आणि हातात नवीन ली-एनफील्ड आली. रायफल उत्तमच. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, समोरच्या जर्मन माउझरमध्ये पाच. शिकलेला शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार सहज काढायचा. उघड्या मैदानावर याला तोड नव्हती.

पण मैदान उरलंच नव्हतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत दोन्ही बाजू जमिनीत गेल्या होत्या. खंदक सरळ रेषेत खणत नाहीत, दर काही पावलांवर वळण ठेवतात. म्हणजे शत्रू एका टोकाला घुसला तरी त्याला पूर्ण खंदकात गोळ्या झाडता येत नाहीत. या वळणांत लांब नळीची रायफल धड फिरवतासुद्धा येत नाही. संगीन लावली की जर्मन माउझर माणसापेक्षा लांब व्हायची! वळणापलीकडे दहा पावलांवर शत्रू आहे, त्याचा आवाज ऐकू येतोय, पण गोळी काही वळून जात नाही. तिथे लागतो हातबॉम्ब.

आणि हातबॉम्ब होते जर्मनांकडे.

असं का झालं? 1904-05 मध्ये रशिया-जपान युद्धात पोर्ट आर्थरच्या वेढ्यात हेच सगळं घडून गेलं होतं. खंदक, काटेरी तारा, मशीनगन, हाताने फेकायचे बॉम्ब. युरोपातल्या मोठ्या सैन्यांचे निरीक्षक तिथे हजर होते. ब्रिटिश आणि जर्मन, दोघांचेही. दोघांनी अहवाल लिहिले. जर्मनांनी त्यावरून वेढ्याच्या लढाईची तयारी केली. 1913 सालचा सुमारे किलोभर वजनाचा गोल हातबॉम्ब आणि खंदकातून डागायच्या आखूड तोफा त्यांच्याकडे युद्धाआधीच होत्या. ब्रिटिशांनीही 1908 मध्ये एक हातबॉम्ब मंजूर केला, पण तो इंजिनिअर दलाचा मामला म्हणून ठेवला. पायदळाला त्याची ओळखही नीट नव्हती. शिवाय त्याचा दांडा हातभर लांब आणि आपटला की फुटणारा. खंदकात हात मागे नेऊन फेकायला गेलं की मागच्या भिंतीला आपटायचा. पुढे काय व्हायचं, ते सांगायला नको.

मग शिपायांनी काय केलं? जॅमचे रिकामे डबे घेतले. आत स्फोटक, भोवती खिळे आणि लोखंडाचे तुकडे, वरून वात. काडीने पेटवायची आणि फेकायची. फ्लँडर्सच्या पावसात काडी पेटायची नाही, वात ओली व्हायची. लवकर फुटला तर आपला माणूस जायचा, उशिरा फुटला तर शत्रू तोच उचलून परत फेकायचा. बेथ्यून गावात कॅप्टन बॅटी नावाच्या इंजिनिअर अधिकाऱ्याने बाहेरून खाचा असलेल्या ओतीव लोखंडाच्या नळीचे बॉम्ब बनवून घेतले, ते त्यातल्या त्यात बरे निघाले.

हे बॉम्ब बनवायला, वापरायला शिकवायला कोण लागतं? सॅपर. सुरुंग, स्फोटकं, तारा हे ज्यांचं काम. आता खडकीकडे येऊ. लाहोर डिव्हिजनबरोबर बॉम्बे सॅपर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या होत्या. त्यांचं मुख्यालय खडकी. या दलात मराठे होते, शीख होते, मुसलमान होते. 28 ऑक्टोबर 1914 रोजी या दोन्ही कंपन्यांना 47 व्या शीख पलटणीबरोबर नव्ह शापेल गावावर सोडलं. इंजिनिअर म्हणून नव्हे, पायदळ म्हणून, कारण माणसं कमी होती. घराघरांतून संगिनीने लढत त्यांनी गावात मुसंडी मारली. मागून कुमक आलीच नाही, त्यामुळे परत फिरावं लागलं. सॅपर्सचे जवळजवळ सगळे ब्रिटिश अधिकारी त्या दिवशी ठार किंवा जखमी झाले. शिपायांचंही प्रचंड नुकसान झालं.

म्हणजे बघा. ज्या हातांची पुढच्या महिन्यांत सगळ्यात जास्त गरज पडणार होती, तेच हात एका दुपारी संगिनीच्या हल्ल्यात खर्ची घातले.

नंतर 23-24 नोव्हेंबरच्या रात्री फेस्त्युबेरजवळ गढवाल रायफल्सच्या दरवान सिंग नेगींनी वळणामागून वळण घेत, समोरून बॉम्ब येत असताना खंदक परत मिळवला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 10 मार्च 1915 ला नव्ह शापेललाच गब्बर सिंग नेगींनी तेच केलं, पण ते परत आले नाहीत. नीट काम करणारा, पिन आणि लिव्हरचा मिल्स बॉम्ब तयार होऊन यायला 1915 उजाडलं. तो कारखान्यांतून भरपूर निघू लागला, तेव्हा आपलं पायदळ फ्रान्स सोडून मेसोपोटेमियाला निघालं होतं.

आपल्याकडे या शौर्यकथा अभिमानाने सांगतात, सांगायलाच हव्यात. पण मला वाटतं, शौर्याच्या प्रत्येक गोष्टीला एक दुसरा प्रश्न विचारायला हवा : एवढं शौर्य दाखवायची वेळ कोणी आणली? दहा वर्षं आधी अहवाल आला होता. तो फाईलमध्ये राहिला आणि त्याची किंमत जॅमचा डबा हातात धरलेल्या शिपायाने मोजली. सैन्य असो, धरण असो की दवाखाना, फाईलमध्ये पडून राहिलेल्या अहवालाची किंमत फाईलवाला कधीच मोजत नाही.

नव्ह शापेलच्या स्मारकावर ज्यांची कबरही सापडली नाही अशा 4,700 हून अधिक हिंदी सैनिकांची नावं आहेत. आपल्या भागात पणजोबा 'लाम'वर गेले होते असं सांगणारी घरं अजून आहेत. जुन्या ट्रंकेत एखादं गोल पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली नीट बघा. तिथे नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. ते लिहून ठेवा, आणि जमलं तर इथे कमेंटमध्येही सांगा.