मातीची धावपट्टी आणि मुलांचे पहिले धडे

मुलाच्या हाती पहिले वाहन कोणते द्यावे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत ठरलेले असते: तीनचाकी सायकल. अमेरिकेत मात्र अशी काही घराणी आहेत, की जेथे मूल चार-पाच वर्षांचे झाले म्हणजे त्याला चिमुकल्या मोटारसायकलवर बसवितात आणि मातीच्या गोल धावपट्टीवर सोडतात. ऐकणाऱ्याला हा निव्वळ अविचार वाटेल. आम्हांलाही प्रथम तसाच वाटला. परंतु एखाद्या चालीचा निवाडा करण्यापूर्वी ती कोठून आली आणि कशाच्या आधाराने वाढली, हे पाहिले पाहिजे. म्हणून मातीवरच्या या शर्यतीचा आणि तीत मुले कशी आली याचा थोडा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत मोटारसायकलींच्या शर्यती मुख्यतः दोन प्रकारच्या जागी होत. एक, लाकडी फळ्या ठोकून केलेल्या उतरत्या धावपट्टीवर. आणि दुसरी, जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानात, घोड्यांच्या शर्यतीसाठी आखलेल्या मातीच्या वाटेवर. फळ्यांवर वेग भयंकर आणि मरणही तितकेच जवळ. ८ सप्टेंबर १९१२ रोजी न्यू जर्सीतील नेवार्क येथे एडी हॅशा हा नामांकित स्वार, आणखी एक स्वार आणि कठड्याशी उभे असलेले अनेक प्रेक्षक एकाच अपघातात प्राणांस मुकले. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हे लाकडी मार्ग नाहीसे होऊ लागले. माती मात्र टिकली. तिला खर्च थोडा, आणि जत्रेचे मैदान गावोगाव तयारच होते. १९२४ मध्ये अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशन ही संस्था निघाली. पुढे इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील एक मैलाची मातीची शर्यत जो जिंकेल तो राष्ट्राचा विजेता, असा प्रघात पडला. १९५४ पासून वर्षभरातील अनेक शर्यतींच्या गुणांवरून विजेता ठरू लागला. ऑस्ट्रेलियातही १५ डिसेंबर १९२३ रोजी वेस्ट मेटलंड येथे विजेच्या दिव्यांखाली अशी शर्यत झाली, आणि तेथील खेळ १९ फेब्रुवारी १९२८ रोजी इंग्लंडमध्ये हाय बीच येथे येऊन पोहोचला. तथापि मुलांची कथा सांगण्यास अमेरिकेचेच उदाहरण सोयीचे आहे.

या शर्यतीचे मर्म समजल्यावाचून पुढची गोष्ट उलगडणार नाही. धावपट्टी लंबवर्तुळाकार, वळणे सगळी डावीकडे, गाडीला पुढचा ब्रेक नाही. स्वाराच्या डाव्या बुटाला पोलादी तळ असतो. वळणावर तो पाय जमिनीला टेकवून तो जातो. गाडी वळणात शिरली की मागचे चाक बाहेर घसरते. स्वार पुढचे चाक उलट, म्हणजे उजवीकडे धरतो आणि उजव्या मुठीतल्या थ्रॉटलने ती घसरण कमीअधिक करीत गाडी वळवितो. रस्त्यावरचा माणूस चाक घसरले म्हणजे घाबरतो, कारण घसरणे म्हणजे पडणे हे त्याच्या अंगात मुरलेले असते. मातीवर घसरणे हीच चाल. मोठेपणी ही भीती मोडणे कठीण; लहानपणी, कमी वेगात, मऊ मातीवर ती बसतच नाही. मुले लवकर शिकवावीत, या हट्टामागे एवढा तरी विचार आहे.

परंतु लहान मुलासाठी लहान यंत्र हवे, आणि ते बराच काळ नव्हते. ते आले जपानातून, तेही खेळणे म्हणून. होंडा कंपनीने १९६१ मध्ये टोकियोजवळ तामा टेक नावाचे करमणुकीचे उद्यान उघडले. तेथे मुलांना फिरविण्यासाठी पाच इंची चाकांची ४९ सीसीची एक गाडी होती. लोकांना ती इतकी आवडली की तिच्यापासून रस्त्यावरची छोटी गाडी निघाली आणि परदेशी गेली. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील घराघरांच्या परसात अशा गाड्यांचा आवाज घुमू लागला. १९८१ मध्ये यामाहाने अगदी लहानांसाठी ५० सीसीची गाडी काढली. तीत गिअर बदलण्याची यातायात नव्हती, उघडी साखळीही नव्हती. शिवाय थ्रॉटलपाशी एक स्क्रू होता. तो जेवढा आत तेवढी मूठ कमी फिरणार. किती वेग द्यावयाचा हे बापाच्या हाती राहिले. आपल्याकडे पाठीला डबा बांधून मुलाला विहिरीत सोडतात, आणि हातपाय मारू लागला की डबा काढून घेतात. तसाच हा स्क्रू.

या शिक्षणाचे फळ काय मिळाले? कॅलिफोर्नियातील मोडेस्टोचा केनी रॉबर्ट्स हा मातीवर घडलेला स्वार. तो युरोपात गेला आणि १९७८, १९७९ व १९८० अशी लागोपाठ तीन वर्षे ५०० सीसीचा जागतिक विजेता झाला. डांबरी रस्त्यावर मागचे चाक सरकवीत वळण घेण्याची त्याची रीत पाहून युरोपीय स्वार चकित झाले. त्याच्यामागून फ्रेडी स्पेन्सर, एडी लॉसन, वेन रेनी आले. १९७८ ते १९९३ या सोळा वर्षांत बारा जागतिक विजेतेपदे या चौघांनी मिळविली, आणि चौघेही लहान वयात मातीवर शिकलेले होते. पुढे इटलीचा व्हॅलेंटिनो रॉसी आणि स्पेनचा मार्क मार्केझ यांनीही सरावासाठी मातीचाच आश्रय केला.

केंटकी राज्यातील ओवेन्सबरो गावचे हेडन घराणे तर या परंपरेचा नमुनाच होय. आई आणि बाप दोघेही मातीवर शर्यत खेळलेले. बापाच्या गाडीचा क्रमांक ६९. आपण पुष्कळदा उलटे पडतो, तेव्हा क्रमांक कसाही वाचता यावा म्हणून तो घेतला, असे ते विनोदाने सांगत. मुले याच वातावरणात वाढली. २००२ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे एकाच शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक टॉमी, निकी आणि रॉजर ली या भावांनी घेतले; पहिला निकी. तोच २००६ मध्ये जागतिक विजेता झाला, बापाचाच क्रमांक अंगावर घेऊन.

येथेच थांबलो तर हा इतिहास न होता जाहिरात होईल. तीन वेळा विजेता झालेला वेन रेनी १९९३ मध्ये इटलीत मिसानो येथे पडला आणि छातीखाली लुळा झाला. २०१० मध्ये इंडियानापोलिसच्या डांबरी धावपट्टीवर तेरा वर्षांचा एक मुलगा मरण पावला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००० मध्ये स्पष्ट सांगितले, की मोटार चालविण्याच्या परवान्याचे वय झाले नाही अशा मुलांच्या हाती अशी वाहने देऊ नयेत. हे बोल बाजूस सारण्यासारखे नाहीत.

कायद्यानेही यात एकदा हात घातला, पण भलत्याच वाटेने. मुलांच्या खेळण्यांत शिसे सापडले म्हणून २००८ मध्ये अमेरिकेत कडक कायदा झाला. मुलांच्या मोटारसायकलींच्या काही धातूंच्या भागांतही शिसे होते. त्यामुळे फेब्रुवारी २००९ मध्ये दुकानदारांनी त्या गाड्या विक्रीतून काढल्या. पालकांची तक्रार अशी, की गाडी कोणी चाटून पाहत नाही. उलट लहान गाडी मिळेनाशी झाली की मुले थोरांच्या गाडीवर बसतील आणि अधिक मरतील. अखेर ऑगस्ट २०११ मध्ये कायदा दुरुस्त करून या गाड्या वगळण्यात आल्या. पालकांच्या या म्हणण्यात तथ्य होते. पण मूळ प्रश्न त्या वादात कोणी विचारलाच नाही: मुलाला हे हवे आहे का?

आमच्या मते सगळ्याची कसोटी तेथेच आहे. शिरस्त्राण, छातीचे कवच, मापाची गाडी, ओलसर माती, मूठ आवरणारा तो स्क्रू, या गोष्टी हव्यातच. त्यांवाचून मुलाला गाडीवर बसविणे हा गुन्हाच समजला पाहिजे. पण एवढ्याने भागत नाही. चौथ्या वर्षी मूल होकार देते तो बापाच्या तोंडाकडे पाहून. तो होकार खरा की खोटा हे कळावयाचे असेल, तर नकार देण्याची वाट त्याला रोज मोकळी असली पाहिजे. आज नको म्हणणाऱ्या मुलाची गाडी जो बाप न रागावता, न हिणविता परत गाड्यावर चढवितो, त्याच्याच हाती मूल सुरक्षित आहे. हेडनांच्या घरी जिंकणे पिकले, म्हणून प्रत्येक घरी ते पिकेल असे नाही. विजेत्यांची नावे इतिहास ठेवतो. आठव्या वर्षी भिऊन गाडी सोडलेल्यांची, आणि बापासाठी न सोडलेल्यांची, नोंद तो ठेवीत नाही.

निकी हेडनचा शेवटही विचार करायला लावणारा आहे. ताशी दोनशे मैलांच्या आसपास गाडी हाकणारा तो स्वार मे २०१७ मध्ये इटलीत साध्या सायकलवरून जात असता मोटारीच्या धडकेने जखमी झाला आणि पाच दिवसांनी वारला. यावरून धावपट्टी निर्धोक ठरत नाही. एवढेच दिसते, की मुलाला सगळ्या धोक्यांपासून दूर ठेवणे कोणत्याही आईबापाच्या हाती नाही. पडावे कसे, उठावे कसे आणि पुरे कधी म्हणावे, हे त्याला शिकविणे मात्र त्यांच्या हाती आहे. अमेरिकेच्या मातीवर ज्यांनी हे तिन्ही शिकविले त्यांनी मुलांचे भले केले. ज्यांनी पहिली दोनच शिकविली, त्यांचे शिकविणे अपुरे राहिले.