साथ आणि स्मृतिभ्रंश

खर्डा म्हटलें कीं ११ मार्च १७९५ ची लढाई आठवते. त्या दिवशीं पराभूत झालेल्या निजामानें खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय केला आणि तेथें कोंडमारा होऊन तो तहास कबूल झाला. बरोबर २२५ वर्षांनीं, ११ मार्च २०२० रोजीं, जागतिक आरोग्य संघटनेनें कोरोनाची साथ जगभर पसरल्याचें जाहीर केलें. या खेपेस सारें जगच घरांत कोंडलें गेलें.

२५ मार्चपासून देशांत टाळेबंदी झाली. पुढें पासष्ट वर्षांवरील माणसांनीं घराबाहेर पडूं नये, असें सरकारनें सांगितलें. हेतु रक्षणाचा होता. पण ज्याची स्मृतीच ढळली, त्यास तो कळावा कसा? स्मृतिभ्रंश हा निव्वळ विसराळूपणा नव्हे. १९०६ मध्यें जर्मन वैद्य आल्झायमर यांनीं अशा एका रुग्णेच्या मेंदूंतील विकृति जगापुढें मांडली. भारतांत साठीपुढील सुमारें ८८ लाख लोकांना हा विकार असल्याचा अंदाज आहे.

अशा माणसास ताजी गोष्ट आठवत नाहीं. जुनी संवय मात्र टिकते. सकाळचें देऊळ, दुपारचा पार, आठवड्याचा बाजार, यांवरच त्याचा दिवस उभा असतो. तो क्रम तुटला कीं बेचैनी, जागरण व भ्रम वाढतात. मुखपट्टी बांधलेला मुलगा परका भासतो. भार पडतो तो पत्नीवर, सुनेवर, लेकीवर. आणि त्या दिवसांत शेजाऱ्यांचा हातभारही तुटला. इस्पितळांत न्यावें तर जवळच्या माणसास मज्जाव, आणि रोग्यास आपलें दुखणें सांगतां येईना. इंग्लंड व वेल्समध्यें मार्च ते जून २०२० या काळांत कोरोनानें दगावलेल्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा स्मृतिभ्रंशाचे रोगी होते.

महाराष्ट्रानें त्या वेळीं लागू केलेला साथीचा कायदा १८९७ चा, म्हणजे मुंबई-पुण्याच्या प्लेगांतला. त्यांत साथ रोखण्याचे अधिकार आहेत. घरीं शुश्रूषा करणाऱ्याचा विचार नाहीं.

ही उणीव भरून काढण्याची वाट खर्ड्याच्या जामखेड तालुक्यांतच सांपडते. १९७० मध्यें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं तेथें आरोग्य प्रकल्प काढून खेड्यांतल्याच स्त्रियांना आरोग्याचें शिक्षण दिलें. कोणत्या घरीं कोण वाट विसरतो आणि कोण रात्र जागून काढतें, हें गांवांतल्या बाईस जितकें ठाऊक, तितकें कचेरीस नसतें. वेढा पडला कीं तटबंदीइतकीच रसदही लागते. रोग्याजवळ जागणाऱ्या माणसास घटकाभर विसांवा देणारा दुसरा हात, ही त्या घराची रसद होय.